नळीतलं शिसं

भूत म्हणजे दुबळ्या मनाचा रोग, असं मी चाळीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो.

हे मात्र मी मोरीत बसून लिहितोय. आतून कडी लावून.

घडलंय ते खरं आहे. यंदाची खंडेनवमी, नांदेडचं आमचं घर, दुपारचा एक.

माझा मेहुणा शिवप्रसाद. पूजेसाठी त्याने आजोबांचं रिव्हॉल्व्हर आणलं होतं. निजामाच्या काळातलं, लायसन्सचं. पण पार रया घालवलेली. वर निकेलचा मुलामा, मुठीला नवं लाकूड, नळीत ओतलेलं शिसं.

त्याला ते मूळ रूपात हवं होतं. म्हणून आधी उदगीरच्या माणिकप्पाकडे नेलं. जुना कारागीर. त्याने मूठ उघडून आतला नंबर जुळवला, अस्सल आहे म्हणाला. मुलामा उतरवला, जुन्या घाटाची मूठ बसवली.

शिशाला मात्र हात लावीना.

"हे मोडल्यालं न्हाई, मालक. कुनीतरी मुद्दाम त्वांड बंद केलंय. राहू द्या."

सासरचं कुणीतरी गप्प बसलेलं पहिल्यांदाच बघतोय, असं मी म्हणालो. शिवप्रसादही हसला.

घरी येऊन त्याने स्वतःच ड्रिलने शिसं काढलं. विजेरी मी धरली होती.

पूजेत नळी भिंतीकडे होती. आरती झाली. वळून पाहिलं तर...

नळी शिवप्रसादकडे.

तो उठून दाराजवळ बसला.

नळी दाराकडे.

मग आवाज आला... खट्.

आत गोळी नव्हती. चक्रीतली सहाही घरं मी तपासली होती.

दुसऱ्या दिवशी, एक वाजता... खट्.

माझी बायको सुकन्या रडकुंडीला आली. "दादा, पुन्हा बंद करून आणा ते." माणिकप्पाला फोन केला. उघडताना मला इचारलं व्हतं का, म्हणाला, आणि फोन ठेवला.

चौथ्या खट्नंतर शिवप्रसाद लातूरला मुलीकडे पळाला.

नळी फिरली. लातूरच्या दिशेला.

सहाव्या दुपारी खट् झालं आणि पाठोपाठ फोन आला. जेवता जेवता गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. छातीवर ओरखडा नाही.

सदऱ्याला मात्र जळलेलं गोल भोक होतं.

सुकन्या तेराव्यापर्यंत तिकडेच आहे. मी अंत्यविधी उरकून परत आलो, तर नळी माझ्या खुर्चीकडे.

ठाण्यात जमा करायचं तर हातात घ्यावं लागेल. कोण घेणार?

माझ्याकडे वळल्यापासून पाच वेळा वाजलंय. आता साडेबारा झालेत.

अक्षर वाकडं आलं असेल. चष्मा बाहेर राहिलाय, रिव्हॉल्व्हरच्या शेजारी.

इकडे कुणी येणार असाल, तर तेवढा आणून द्या.