पत्र्याखालचं तापमान

ती खरं तर खालच्या मजल्यावर आली होती. तिथे कुलूप होतं. घर बंद असेल तर त्याच्या वरचं घर घ्यायचं, असा तिच्या कामाचा नियम होता. म्हणून ती जिना चढून माझ्या दारात उभी राहिली... कपाळावर घाम, हातात काडेपेटीएवढं यंत्र.

मी पत्र्याखालच्या त्या खोलीत शिवणकाम करायचो. घरातल्या उष्णतेने माणसाच्या मनाचं काय होतं, हा तिचा पहिलाच अभ्यास होता. यंत्र भिंतीवर राहून तापमान मोजणार, आणि ती दर आठवड्याला येऊन विचारणार.

"गेल्या आठवड्यात उदास वाटलं का? कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, की जवळजवळ रोज?"

"जवळजवळ रोज," मी म्हणालो. आई गेल्यापासून मी एकटाच होतो. असं कोणी विचारलं नव्हतं.

ऊन वाढत गेलं. दुपारी पत्रा तडतडायचा. माझं उत्तर मात्र 'बरेचदा'वर आलं, मग 'कधीकधी'वर, मग 'कधीच नाही'. ती यायच्या दिवशी मी दाढी करू लागलो.

एकदा ती पाणी न पिता स्टुलावर बसून राहिली.

"सगळ्यांची मनं उन्हाने कोमेजतायत. तुमचंच कसं खुलतंय? यंत्र तर बरोबर आहे."

"यंत्राला काय कळतंय..."

"मग कुणाला कळतंय?"

मी सुईत दोरा ओवत होतो. तो काही जाईना.

"तुम्ही विचारता तेव्हा बरं वाटतं. तेच सांगतो."

"म्हणजे माझी माहिती बिघडली."

"कुणी बिघडवली?"

"मीच," ती म्हणाली आणि तिने हसू दाबलं. मग म्हणाली, "तुमचं घर अभ्यासातून काढलं, तर मला इथे येता येणार नाही. नाही काढलं, तर अभ्यास खोटा."

"काढा."

"विचार करून सांगा—"

"पहिलंच काम आहे तुमचं. माझ्यापायी खोटं नको."

बोललो खरा, पण जिवावर आलं होतं. तिने यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं. जिन्यावर तिची पावलं मध्येच थांबली... मग उतरत गेली.

उन्हाळा सरला, पाऊसही सरला. एका संध्याकाळी ती आली, हातात कुर्ता घेऊन.

"अभ्यास संपला. आता नियम आड येत नाही. हा जरा उसवलाय."

मी शिवण उजेडात धरली. "उसवलेला नाही. कात्रीने कापलाय."

"शिंप्याला फसवणं अवघड आहे."

"कापलात कशाला?"

"यायला काहीतरी काम नको?"

मी तो कुर्ता मुद्दाम सावकाश शिवला. पुढच्या वेळी ती रिकाम्या हाताने आली, आणि मग आमचं लग्न झालं. लग्नानंतरही दर रविवारी ती तोच प्रश्न विचारायची. मी 'कधीच नाही' म्हणायचो. "माहिती बिघडलेली," म्हणत ती चहा ठेवायला जायची.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. आजार मोठा नव्हता, असं आधी वाटलं होतं.

आता पुन्हा पत्रा तापलाय. काल रविवारी आमच्या मुलीने स्टूल ओढलं आणि मशीनशेजारी बसली.

"बाबा, गेल्या आठवड्यात उदास वाटलं का? कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, की जवळजवळ रोज?"

"जवळजवळ रोज."

"आणि आत्ता?"

"आत्ता तू विचारलंस ना," मी म्हणालो. "माहिती बिघडली."