एका बटणावर दोन आकडे

चष्मेवाल्याची बायको दिसायला छान होती, आणि ते तिच्यापेक्षा त्यालाच जास्त ठाऊक होतं. तिथेच घोडं पेंड खात होतं. माणसाने बायकोवर जीव लावावा, कोण नको म्हणतंय? पण लिफ्टमध्ये शेजाऱ्याने ‘काय वहिनी, आज उशीर?’ एवढं विचारलं तरी याच्या अंगाचा तिळपापड. ती बँकेत कॅशियर. दिवसभर काचेपलीकडून लोकांचे हात तिच्यासमोर येणार, आणि हा आपल्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता विचार करणार की आज तिच्याशी कोण कोण हसून बोललं असेल. त्यातून हा उंचीला कमी, तिच्या खांद्याला लागायचा. जिन्यात एखादा उंच माणूस भेटला तरी याचा दिवस नासायचा. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काय उगीच?

तर या चष्मेवाल्याने एक जुनी गाडी घेतली. करडी, लांबलचक, हौस म्हणून. तिच्या ड्रायव्हरच्या दारावर एक काळी पट्टी होती आणि पट्टीवर ओळीने पाच बटणं. एकेका बटणावर दोन आकडे. एक-दोनचं एक, तीन-चारचं एक, असं करत शेवटचं नऊ-शून्याचं. पाच आकडी नंबर दाबला की किल्ली नसली तरी दार उघडतं. पण नंबर कुणालाच माहीत नव्हता. गॅरेजवाला म्हणाला, गाडीत कुठेतरी स्टिकरवर कंपनीचा नंबर असतो, तो शोधलात की त्याच्या जोरावर आपला नंबर घालता येतो. चष्मेवाला म्हणाला, बघू सवडीने.

ती सवड काढायची वेळ बायकोनेच आणली. एका संध्याकाळी ती बाजारातून आली, दोन्ही हातांत पिशव्या, आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीपाशी उभी राहिली. गाडीत राहिलेली छत्री तिला हवी होती आणि किल्ली वर घरात. तिने गंमत म्हणून बटणं दाबली, आणि दार उघडलं. वर येऊन तिने हे नवऱ्याला हसत हसत सांगितलं. बिचारीला वाटलं, तोही हसेल.

त्याने विचारलं, नंबर कोणता दाबलास? तिला आठवेना. दिवसभर आकड्यांवर चालणारी बोटं ती, आपोआप चालली, म्हणाली. झालं. चष्मेवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्याने तिला तसंच खाली नेलं आणि पुन्हा दाबायला लावलं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि बोटं आपली चालली: पहिलं बटण, पुन्हा पहिलं, शेवटचं, चौथं, मधलं. खट्. दार उघडलं. आणि आतली ड्रायव्हरची सीट घरघरत मागे सरकायला लागली. मागे, अजून मागे, पार शेवटापर्यंत. काही गाड्या तशा असतात, नंबरावरून माणूस ओळखतात आणि त्याच्या मापाची सीट लावून देतात. चष्मेवाला आत बसून बघायला गेला तर त्याचे पाय पेडलला पोचेनात.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो गॅरेजवाल्याच्या दारात हजर. आधीचा मालक कोण होता?

“उंच होता चांगला,” गॅरेजवाला हात पुसत म्हणाला. “एकटाच राहायचा. या गाडीतच गेला बिचारा, बसल्या बसल्या. कुणाची तरी वाट बघत होता म्हणे.”

“कुणाची?”

“ते त्यालाच माहीत. बाजूची सीट मात्र स्वच्छ पुसून ठेवली होती.”

जळत्यात तेल ओतायला याहून जास्त काय लागतं? घरी आल्यावर त्याने बायकोला विचारलं, तू त्याला ओळखायचीस ना? ती म्हणाली, कुणाला? जेवताना विचारलं, भांडी विसळताना विचारलं, दिवा मालवल्यावरही विचारलं. बँकेत यायचा का? नोटा मोजून घ्यायला थांबायचा का? हसायचा का? ती आधी हसली, मग चिडली, मग रडली. मेलेल्या माणसावर कसले जळता, म्हणाली, दादाला फोन करते आणि कायमची निघून जाते. त्यावर हा म्हणाला, जा ना, गाडीतला तो वाटच बघतोय. असं बोलू नये माणसाने. पण हा बोलला, आणि एकदा नाही.

मग ती गप्प झाली. भांडण परवडलं, हे गप्प बसणं नको. खिडकीशी उभी राहून ती खाली पार्किंगच्या उताराकडे बघायची. एका सकाळी त्याने पुन्हा तेच काढलं तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, “अहो, नव्हता हो कुणी. पण तुम्ही इतक्यांदा विचारलंत ना… की आता मला तो दिसायला लागलाय.”

चष्मेवाला ताडकन उठला. पण कशाने? भीतीने नाही, जळफळाटाने. त्याने ठरवलं, त्या मेल्याचा नंबर पुसायचा. सुट्टीच्या दिवशी दुपारी टॉर्च घेऊन तो खाली उतरला.

पार्किंगमधले दिवे कुणी हललं तरच लागायचे. थोडा वेळ हालचाल नाही, की आपले आपण बंद. दुपारची वेळ, सगळी बिल्डिंग पेंगत होती. त्याने किल्लीने दार उघडलं, सवयीने सीट पुढे घेतली, आत उलटा आडवा झाला आणि डोकं स्टिअरिंगखाली घातलं. टॉर्च दातात. वायरींच्या मागे एक काळी डबी आणि तिच्यावर स्टिकर. नंबर पुसट झाला होता, पण बारीक अक्षर वाचणं हा तर त्याचा धंदाच. तो मनात पाठ करत पडून राहिला. न हलता. आणि बाहेरचे दिवे गेले.

तेव्हा त्याला वास आला. भिजून तशाच वाळलेल्या स्वेटरचा. आधी नव्हता तो.

मग बाहेरून, दार अर्धवट उघडं होतं त्या बाजूने, आवाज आला. टिक. टिक. जरा थांबून… टिक. टिक. टिक. बोटाने बटण दाबल्यासारखा. दिवे लागले नाहीत. कुणी आलं असतं तर दिवे लागले असते ना? आणि त्याच्या पाठीखालची सीट घरघरत मागे निघाली…

“कोण आहे?” तो पुटपुटला. तोंडातून टॉर्च पडला.

त्याने पाय झाडले तेव्हा दिवे लागले. पार्किंग रिकामं. त्याने स्वतःला समजावलं, जुनी गाडी, वायरी ढिल्या, आपणच काहीतरी हलवलं असणार. माणूस भ्यायला की इलेक्ट्रिशियन होतो. मग बाहेर येऊन त्याने गॅरेजवाल्याने सांगितलं तसं केलं. कंपनीचा नंबर, लगेच पहिलं बटण, मग तेच दाबून धरायचं. कुलपं एकदा खाली, एकदा वर. जुने नंबर पुसले गेले. पुन्हा कंपनीचा नंबर, पहिलं बटण, आणि आता आपला. त्याने आधीच ठरवलं होतं, लग्नाची तारीख घालायची. तारीख, महिना आणि सालाचा शेवटचा आकडा. या गाडीला कळू दे, बायको कुणाची आहे ते.

पहिलं बटण. पुन्हा पहिलं. शेवटचं. चौथं. मधलं.

तो थिजला. हीच ती बटणं. तिने दाबलेली. त्या उंच माणसाचा नंबर वेगळा असेल, एकाच्या जागी दोन, शून्याच्या जागी नऊ, पण एका बटणावर दोन आकडे. दोन नंबरांना दार एकच. तिची बोटं आपोआप चालली होती ती आपल्या लग्नाच्या तारखेवर. बँकेच्या तिजोरीपासून फोनपर्यंत ती दुसरा आकडा वापरतच नव्हती, आणि हे त्याला माहीत होतं. माहीत असून सुचलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चष्मेवाला तिथेच फरशीवर बसून रडला. सुटल्यासारखा रडला, आणि लाजेनेही.

वर जाऊन त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि सगळं सांगितलं. चुकलो म्हणाला, पुन्हा कधी असं बोललो तर जीभ झडो म्हणाला. ती खिडकीशीच उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं, रागावली नाही, रडलीही नाही. तिची नवी साडी आधीपासूनच नेसून झाली होती.

“फिरायला जाऊ,” तो म्हणाला. “आपण दोघंच.”

“चला,” ती म्हणाली.

खाली येईपर्यंत तो बोलत होता. किती दिवसांनी त्याला इतकं हलकं वाटत होतं. गाडीपाशी येऊन तो म्हणाला, दाब ना, आपली तारीख आहे. पण ती बटणांकडे गेलीच नाही. वळसा घालून ती पलीकडच्या दाराशी गेली आणि काचेवर बोटाने हलकेच वाजवलं, डुलकी लागलेल्या माणसाला उठवावं तसं.

आतून कुणीतरी कुलूप काढलं.

ती बसली. पदर आवरला. ड्रायव्हरच्या सीटकडे बघून ओळखीचं हसली, तसं ती नवऱ्याकडे बघून कधीच हसली नव्हती. मग तिला त्याची आठवण झाली असावी. तिने काच खाली केली.

“अहो,” ती अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, “तुम्ही मागे बसा.”

आणि तो बसला. काय करणार होता दुसरं? बायको होती त्याची. मागे बसला, पुढची सीट गुडघ्यांना टेकली, आणि किल्ली त्याच्या मुठीतच असताना गाडी सुरू झाली.