भिलाची शिट्टी

ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे आणि अगदी खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या... कुणाला पटवत बसायचं त्राण आता माझ्यात नाही.

ठिकाण, नवापूरजवळची माझ्या मामाची पोल्ट्री. वेळ, यंदाच्या होळीनंतरचा आठवडा.

मी हेमांगी. पुण्यात विमानाच्या इंजिनाचा आवाज कमी करण्यावर काम करते. इंजिनाच्या तोंडाशी आतून बारीक भोकांचा पत्रा लावतात. त्याच्या मागे मधाच्या पोळ्यासारखे बंद कप्पे. आवाज भोकांतून आत शिरतो आणि तिथेच जिरतो.

ऐकायला सोपं आहे. पण त्या पत्र्यावरून वारा घुसळत, सुसाट जातो, आणि मग आवाज आणि वारा मिळून काय करतील याचा नेम नसतो. कधी पत्रा आवाज खातो. कधी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा स्वतःच वाजतो. या एका गोष्टीपायी माझं डोकं पिकलंय.

होळीला घरी आले, तर शांतीलालमामा म्हणाला, "विमानं गप्प करतेस ना? मग माझे पंखे कर की! शेजारचे रोज भांडायला येतात."

झालं. सुट्टीचं वाटोळं.

शेडच्या टोकाला मोठाले पंखे आहेत, आतली हवा बाहेर फेकणारे. त्यांच्या तोंडाभोवती मी तसाच पत्रा बसवून दिला. घरघर निम्म्यावर आली. मामा खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, खाद्य टाकायच्या वेळी...

शिट्टी आली.

एक लांब. मग एक आखूड.

"पत्रा वाजतोय," मी म्हटलं.

कौसाबाईच्या हातातलं घमेलं खाली पडलं. ती शेडवर कामाला. तिचा नवरा भिला इथेच पक्षी सांभाळायचा, दिवाळीत हार्ट अटॅकने गेला.

"त्या उनात," ती हळूच म्हणाली. ते आले, म्हणे.

पोल्ट्रीत एक रीत असते. न सांगता आत शिरायचं नाही. पक्षी दचकले की सगळे एका कोपऱ्यात धावतात, एकमेकांवर चढतात, आणि खालचे गुदमरून मरतात. म्हणून दार उघडण्याआधी कुणी खोकतं, कुणी टाळी वाजवतं.

भिला शिट्टी मारायचा. एक लांब, एक आखूड.

मी जाळीतून आत पाहिलं. पक्षी दचकले नव्हते. शांतपणे बाजूला सरकत होते... मधे वाट करून देत. ती वाट दारापासून पुढे पुढे जात राहिली, कुणीतरी सावकाश चालत असल्यासारखी.

दार बंद होतं. आत कुणी नव्हतं.

पंखे तर दिवसभर एकाच वेगाने फिरत होते. मग शिट्टी चारलाच का? मला माहीत नाही.

रोज तेच. कौसाबाई त्या वेळी पत्र्याजवळ जाऊन बसायची. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच ती पोटभर जेवतेय, असं मामी सांगायची. पण दोन गडी घाबरून पळाले आणि मामा वैतागला.

"हेमा, ती बला बंद कर बाई. गडी टिकले नाहीत तर एवढी बॅच सांभाळणार कोण?"

मी कडेच्या भोकांवर चिकटपट्टी लावायला घेतली. कौसाबाईने माझा हात धरला.

"नको ना ताई. माले तेवढंच शे त्यासनं."

जीव तुटला माझा. तरी लावली. "वारा आहे मावशी तो," मी म्हटलं, "नुसता वारा."

दुसऱ्या दिवशी चार वाजले.

शिट्टी नाही. पंख्यांची बारीक घरघर... बाकी काही नाही.

मी हुश्श म्हणणार, तेवढ्यात दाराजवळचे पक्षी उसळले...

नुसती फडफड, नुसता कलकलाट. सगळे कोपऱ्याकडे धावले. एकावर एक, एकावर एक.

दाराला बाहेरून कडी होती. मीच लावलेली.

कौसाबाई कडी काढून आत धावली आणि पक्ष्यांचे पाय धरधरून त्यांना ओढून काढायला लागली. मीही लागले. खालचे केव्हाच गेले होते.

"सांगीसन येत व्हतात त्या!" ती रडत माझ्यावर ओरडली. "आज न सांगता उनात. तू त्यासनं तोंडच बंद करी टाकं!"



संध्याकाळी सगळ्या पट्ट्या ओरबाडून काढल्या. एकेक भोक पुसलं. पंखे तेच, वेग तोच.

शिट्टी परत आली नाही. कौसाबाई रोज पत्र्याजवळ बसून राहिली, आणि तिचं जेवण पुन्हा सुटलं.

मी पुण्याला निघून आले.

मामा सांगतो, आता चारला कौसाबाईच शिट्टी मारते. बाईमाणसाने शिट्टी मारू नये म्हणून लोक टोकतात, ती ऐकत नाही. लांब, मग आखूड. मग दार उघडते आणि स्वतः बाहेरच उभी राहते.

आत वाट होते.

परवा तिचा फोन आला.

"ताई, त्यासना आवाज ते गया," ती म्हणाली. "पन त्या येतस, मी पाहस रोज. एकच सांग... मी मरी गवू ते शिट्टी कोन मारी?"

"बघू मावशी," म्हटलं आणि फोन ठेवला.

तेव्हापासून झोप नाही.