पंचेचाळीस दिवसांचं मौन

पाचगणीच्या पठाराखाली, एका बंद पडलेल्या निवासी शाळेच्या दगडी इमारतीत भाषामज्जा संशोधन केंद्र होतं. तिथल्या तपासणीच्या खोलीत हरिहरशास्त्री उपासनी धोतराचा सोगा सावरत बसले होते. वय एकसष्ट. वाईच्या वेदशाळेत चौतीस वर्षं त्यांनी मुलांना संथा दिली होती, ऋचा म्हणून दाखवून घोकून घेतल्या होत्या. आता त्यांना चिनी भाषा शिकायची होती, आणि तीही अशी की सहा वर्षांच्या मुलीला ती परक्याची वाटू नये.

"वर्षभर माझा मीच शिकतोय," ते डॉ. शर्वाणी टिकेकरांना म्हणाले. "पुस्तकं झाली, ध्वनिफिती झाल्या. तीन हजार शब्द मुखोद्गत आहेत. पण तिकडचं माणूस बोलायला लागलं की मी ठार बहिरा."

"शब्द तुमच्यापाशी आहेत, पण कान मराठी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तान्ह्या मुलाला जगातल्या सगळ्या भाषांचे ध्वनी वेगवेगळे ऐकू येतात. मग घरात जे कानावर पडतं तेवढं मेंदू ठेवतो, बाकीचं टाकतो, आणि पेशींभोवती जाळी विणून दार लावून घेतो. आमचं औषध, जालविलयक, ती मज्जाजाळी विरघळवतं. पंचेचाळीस दिवस दार उघडं राहतं. त्याला आम्ही शैशवद्वार म्हणतो. नंतर जाळी पुन्हा विणली जाते, पहिल्यापेक्षा घट्ट. दुसऱ्यांदा विरघळवायला गेलं तर स्मृतीच जाते. म्हणजे संधी एकदाच. आणि इतका धोका पत्करायचा कशाला? कर्णदुभाषी कानात घातला की काम होतं. सारं जग तेच वापरतं."

शास्त्रीबुवांनी उपरण्याची घडी पुन्हा घातली.

"माझा मुलगा माधव चीनमध्ये चेंगदूला होता. सूनही तिकडचीच, रुओशी. युनयुन त्यांची मुलगी. गेल्या वर्षी सुट्टीत ती माझ्याकडे वाईला होती, तेव्हा तिकडे घाटात दरड कोसळून ते दोघं गेले. पोरीला सांगणार कोण? मीच. मी मराठीत म्हणालो, 'बाळ, आई-बाबा आता यायचे नाहीत.' तिच्या कानात ते त्या यंत्राने सांगितलं, बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात. हवामान सांगावं तसं. तिने यंत्र काढून विहिरीत टाकलं. तेव्हापासून ती कुणाशी बोललेली नाही. चेंगदूला आजीपाशी आहे, पण आजीशीसुद्धा एक शब्द नाही."

"मग तिलाच मराठी शिकवा ना. मुलं भराभर शिकतात."

"जी अजून स्वतःच्या भाषेत रडली नाही, तिला मी परकी भाषा शिकवू? ते वाक्य तिने एकदा माझ्या तोंडून ऐकावं, तिच्या भाषेत. पुढचं पुढे."

डॉक्टरांनी संमतीपत्र पुढे सरकवलं. "एक अट आहे, गुरुजी. उघडा मेंदू भाषा घेतो ती जिवंत माणसाकडून. पडद्यावरून किंवा ध्वनिफितीवरून घेत नाही. तान्ह्या मुलांवरच्या प्रयोगांत हे फार पूर्वीच दिसलंय. म्हणून आमच्या लिनबाई रोज चार तास तुमच्यासमोर बसतील. तुम्ही नुसतं ऐकायचं आणि बोटाने दाखवायचं. पंचेचाळीस दिवस चिनी बोलायची नाही. मूल वर्षभर ऐकतं, मग तोंड उघडतं."

"म्हणजे मौन."

"कडक मौन."

"मौनाचं मला शिकवू नका, बाई," शास्त्रीबुवा पहिल्यांदाच हसले. "चार चातुर्मास पाळलंय."

लिन युए मूळची चेंगदूचीच. ती पेला दाखवायची, खिडकी दाखवायची, रागावल्याचं सोंग करायची, गोष्ट सांगायची. शास्त्रीबुवा बोटाने दाखवायचे, मान हलवायचे. सातव्या दिवशी त्यांना चिनी बोलणं वाक्यावाक्याने सुटं ऐकू आलं, आणि हा म्हातारा तिथेच डोळ्याला उपरणं लावून बसला. त्यांचा दिनक्रम ठरलेला होता. पहाटे कृष्णेत स्नान, संध्या, पाठ, मग पसरणीच्या घाटातून वर येणारी बस. दुपारनंतर परत, पुन्हा नदीच्या घाटावर पाठ. आठवड्याच्या मेंदूचित्रात भाषेचा भाग इतका झपाट्याने भरत होता की डॉक्टरांनी पुण्यातल्या सहकाऱ्यांना फोन करून करून कंटाळा आणला.

सेहेचाळिसाव्या दिवशी बोलायची परवानगी मिळाली. शास्त्रीबुवा लिनसमोर ताठ बसले आणि दहा मिनिटं बोलले. कुठे अडखळले नाहीत, कुठे शब्द शोधला नाही. माधवच्या लहानपणाबद्दल बोलले, कृष्णेबद्दल बोलले. शेवटी ते वाक्य म्हणाले आणि थांबले.

लिनचा चेहरा उतरला होता. "बाबा," ती मोडक्या मराठीत म्हणाली, "मला कळलं नाही."

त्यांना वाटलं, थट्टा करतेय. डॉक्टरांनी त्यांचं एक वाक्य आणि लिनचं तेच वाक्य पाठोपाठ ऐकवलं.

"फरक?" डॉक्टरांनी विचारलं.

"कसला फरक? दोन्ही एकच आहेत."

डॉक्टरांनी ध्वनिफीत बंद केली. "गुरुजी, खरं सांगा. या दिवसांत चिनी कुणाशी बोललात?"

"कुणाशीही नाही. मौन म्हणजे मौन."

"मग हे आलं कुठून?"

"कुठून म्हणजे? पाठातून. लिनबाईंनी दिलेली संथा मी घाटावर घोकायचो. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन. एकेक वाक्य शंभर आवृत्त्या."

"म्हणजे बोललात!"

"पाठ म्हणजे बोलणं का?" शास्त्रीबुवांना खरोखरच कळेना. "बोलतो ते माणसाशी. पाठ करतो तो स्वतःशी. आवृत्ती केल्याशिवाय विद्या राहते होय? आठव्या वर्षापासून मी एवढंच करत आलोय."

त्यांना दोष तरी काय द्यायचा? ज्या वाटेने आयुष्यभर विद्या मिळाली, त्याच वाटेने ते गेले होते. डॉक्टरांना स्वतःचाच राग आला, कारण 'मौन' म्हणताना गुरुजींच्या मनात काय आहे हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"उघड्या मेंदूपुढे सर्वांत जास्त वेळ कुठलं जिवंत माणूस होतं?" त्या हळू म्हणाल्या. "लिन चार तास, तुम्ही सहा. मेंदूने तुमचंच खरं मानलं. तुमच्या तोंडाला लहानपणापासून वेदपठणातल्या उदात्त, अनुदात्त, स्वरित या सुराच्या तीन उंचींची सवय. चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, आणि तिचे चार सूर या तिनांत कोंबले गेले, बाकीचे ध्वनीही तसेच वाकले. आता दार लागलंय. लिनचं बोलणं अर्थाच्या धाग्याने तुम्हाला कळेल, पण तुमचं कुणालाच कळणार नाही. आणि चूक तुम्हाला कधी ऐकूही येणार नाही. ही भाषा तुम्ही अस्खलित बोलता, गुरुजी. पण जगात ती बोलणारं माणूस एकच आहे."

युनयुनचं तिकीट तोवर काढून झालं होतं. आजीच्या खुब्याची शस्त्रक्रिया होती, म्हणून वर्षभरासाठी पोर वाईला आली. दोन बोटं तोंडात घालून ती ओट्यावर बसायची आणि विहिरीकडे बघायची. शास्त्रीबुवांनी तीन दिवस कळ काढली. चौथ्या दिवशी तिच्यासमोर मांडी घालून त्यांनी आपल्या चिनीत ते वाक्य म्हटलं. तुझे आई-बाबा गेले, आणि मी तुला ते नीट सांगितलं नाही. तिने नुसतं पाहिलं. ते रोज म्हणत राहिले. कळत नाही तर न कळो, निदान माणसाच्या आवाजात तरी असू दे.

नवव्या दिवशी तिने त्यांच्या ओठांवर हात ठेवला आणि मोठ्याने रडायला लागली. वर्षभराचं रडणं होतं ते. शेजारच्या बायका धावत आल्या. संध्याकाळी ती त्यांना "येये" म्हणाली, म्हणजे आजोबा, आणि आठवडाभरात धरण फुटावं तशी बोलायला लागली. मांजराबद्दल, पोहे तिखट असण्याबद्दल, आईच्या लाल छत्रीबद्दल. शास्त्रीबुवांना वाटलं, डॉक्टरीणबाई कितीही शिकलेल्या असल्या तरी मायेपुढे त्यांचं शास्त्र थिटं पडलं. ते इतके सुखी गेल्या वर्षात कधीच नव्हते.

आजीचा दृक्भाष, म्हणजे पडद्यावरचा फोन, दर रविवारी यायचा. शस्त्रक्रियेमुळे तीन महिने खंड पडला होता. तो पुन्हा आला तेव्हा युनयुन पडद्यापुढे बसून भरभर बोलू लागली. म्हातारी आधी आनंदाने रडली. मग तिचं रडणं थांबलं. तिने काहीतरी विचारलं, युनयुनने उत्तर दिलं, तिने तेच पुन्हा विचारलं. शेवटी तिने आपला कर्णदुभाषी पडद्याजवळ, नातीच्या आवाजापुढे धरला. बातम्या देणाऱ्या त्याच बाईच्या आवाजात यंत्र म्हणालं, "भाषा ओळखता आली नाही."

शास्त्रीबुवांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

"ती कुणासारखी बोलते?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्यासारखी. हुबेहूब."

"तिचं दार उघडंच आहे, गुरुजी. तिला औषध लागत नाही. वर्षभर ती कुणाचं ऐकत नव्हती, आणि मग समोर बसून, डोळ्यांत बघून, मायेने एकच माणूस बोललं. तिने तुमचं घेतलं आणि स्वतःचं टाकलं."

"आता?"

"आता ती भाषा तिच्यासमोर पुन्हा काढायची नाही. एक शब्दही नाही. तुम्ही मराठी बोला. लिन रोज खाली येईल, तिची चिनी तिला परत देईल. पण तिला तुमचं मिळत राहिलं तर ती दुसरं घेणार नाही. दार लागेपर्यंत हे पाळावं लागेल. सहा वर्षं."

"बाई, पोर वर्षभर जगात कुणाशी बोलली नाही. बोलली ती माझ्याशी. मीही तोंड मिटू?"

"तुम्ही गेल्यावर ती कुणाशी बोलणार आहे?"

शास्त्रीबुवांनी फोन ठेवला. पंचेचाळीस दिवसांचं मौन त्यांना धड पाळता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते संध्या आटोपून ओट्यावर आले, तर युनयुन धावत आली. तिचा पहिला दात पडला होता. ओल्या तळहातावर तो ठेवून ती त्यांना सांगू लागली. पोळीचा तुकडा चावला, काहीतरी कडक लागलं, आधी वाटलं खडा, रक्त आलं पण मी रडले नाही, आई म्हणाली होती की खालचा दात पडला की छपरावर फेकायचा, आपलं छप्पर उंच आहे, येये, तुम्ही फेकाल का? शब्द न शब्द त्यांना कळत होता. पृथ्वीवर दुसऱ्या कुणालाच तो कळला नसता. उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं.

"दाखव बघू दात," ते मराठीत म्हणाले.

ती थांबली. ऐकण्यात काही चूक झाली असेल असं वाटून तिने पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश, येये, तुम्ही फेकाल का?

"दे माझ्याकडे, बाळ. दे."

युनयुन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने मूठ मिटून घेतली आणि ती विहिरीच्या बाजूला जाऊन बसली.