तात्यांच्या राहिलेल्या सुया

ही घटना शंभर टक्के खरी आहे. विश्वास नसेल तर लासुर्ण्यात जाऊन कुणालाही विचारा.

प्रत्येक जण वेगळी सांगेल.

वेळ मागच्या भाद्रपदातली. रात्र नव्हती, भर दुपार होती. रामहरीतात्यांना रात्री जागायची सवय जिवंतपणीही नव्हती.

आणि तेव्हा त्यांना जाऊन पंधरवडा झाला होता.

झालं असं, की उसाचा बुडखा लागून तात्यांचा पाय चिघळला. बारामतीच्या डॉक्टरांनी आठवडाभर रोज एक सुई लिहून दिली. ती द्यायला पुतण्या संदेश यायचा. तो दवाखान्यात कामाला.

“तात्या, ह्या बाटलीत दोन औषधं हायती. एक जंतू मारतं. दुसरं त्या पयल्याला जपतं.”

“म्हंजी नवरा-बायकूच की,” सिंधुबाई म्हणाल्या.

“त्यातलं मारणारं कोण, ते इचार त्याला,” तात्या म्हणाले.

बाटलीतल्या पुडीत पाणी सोडलं, की ती तात्या स्वतः तळहातांत घोळवायचे. बोटातली तांब्याची अंगठी काचेला लागायची. टक... टक...

ताप उतरला, सूज ओसरली. तात्यांनी जाहीर केलं, “कास मऊ पडली. सुई बंद.”

तांबडी गाईच्या कासेला दगडी झाली, म्हणजे ती सुजून टणक झाली, की कास मऊ पडेपर्यंतच सुया द्यायच्या, हा त्यांच्या गोठ्याचा कायदा. तोच त्यांनी पायाला लावला.

“तात्या, डॉक्टर वराडतील.”

“डॉक्टरचा पाय हाय व्हय ह्यो? उरलेल्या तांबडीला व्हतील.”

उरलेल्या बाटल्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खाचांमध्ये जाऊन बसल्या.

ताप परत चढला. बारामतीला नेलं, तोवर विष अंगभर पसरलं होतं. जाताना गाडीत तात्यांनी एकच चौकशी केली.

“तांबडीला पाणी दावलं का?”

बस्स. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर बाईला एखादा शब्द हवा असतो. ‘येतो’ एवढा तरी. तो राहूनच गेला.

मग तांबडीच्या कासेला दगडी झाली. हात लावू देईना. जनावरांचे डॉक्टर लसीकरणात होते. परवा येतो म्हणाले. तो परवा अजून यायचा आहे.

त्या दुपारी सिंधुबाई ताटं विसळत होत्या.

गोठ्यात तांबडीच्या गळ्यातली घंटा थांबली...

सुई देताना तात्या घंटा मुठीत धरायचे. तेवढाच वेळ ती गप्प असायची.

आणि मग... टक... टक...

सिंधुबाई धावल्या. गोठ्यात कुणीच नव्हतं. तांबडी कान टवकारून उभी होती आणि हवेतच जीभ फिरवत होती. तात्यांचा खांदा चाटायची, तशी.

गव्हाणीत रिकामी बाटली पडली होती.

अजून कोमट.

फ्रिजमधली एक खाच मोकळी झाली होती.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. कास सैल पडू लागली. तिसऱ्या दुपारी सिंधुबाई गोठ्यातच जाऊन बसल्या. घंटा थांबली... तांबडीनं मान वर केली, कुणी गळ्याखाली खाजवावं तशी.

“अवं... मी बी हितंच हाय.”

तांबडी हवेतच जीभ फिरवत राहिली.

“गाईला भेटाय येताय. मी काय परकी हाय?”

टक... टक...

चौथ्या सकाळी त्यांनी फ्रिज उघडला. एकच बाटली उरली होती.

ही संपली, की माणूस संपला.

त्यांनी ती उचलली आणि ज्वारीच्या डब्यात खोल पुरली.

दुपारी फ्रिजचं दार आपोआप उघडलं... आतला दिवा लागला... आणि लागूनच राहिला. एक पाय ओढत कुणीतरी गोठ्याकडे गेलं. परत आलं. पुन्हा गेलं. सिंधुबाई तोंडात पदर कोंबून डब्याला टेकून बसल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत कास पुन्हा तापली, टणक झाली. सिंधुबाईंनी हात लावला. तांबडीनं लाथ मारली नाही. नुसती बघत राहिली.

ही सूज सिंधुबाईंच्या ओळखीची होती. तात्यांच्या धोतराखाली पाहिली होती.

सकाळी त्यांनी बाटली खाचेत परत ठेवली.

“घ्या. ह्या खेपंला तरी पुऱ्या करा.”

दुपारी घंटा थांबली...

टक... टक... टक... त्या दिवशी बाटली फार वेळ घोळवली जात होती. पूड केव्हाच विरघळली असेल. सिंधुबाई खांबाला धरून उभ्या होत्या. आता तरी काही बोलतील...

घंटा वाजू लागली.

बोललं कुणीच नाही.

आठवड्यात तांबडी खडखडीत बरी झाली. संदेशनं फ्रिज उघडून पाहिला.

“काकू, सुया कुणी दिल्या?”

“तात्यांनी.”

त्यानं फ्रिजचं दार लावलं. “तुमी थोडं पडा, काकू. गाई आपसूक बी बऱ्या हुतात.”

अजून जेवण झालं, की सिंधुबाई गोठ्यात जाऊन बसतात. घंटा अधूनमधून थांबते. गाय झोपली, की थांबतेच.

त्या आठवड्यातलं तांबडीचं दूध डेअरीनं परत पाठवलं. त्यात औषध निघालं.