चाळीस रांजण आणि काळा सूर्य

हे तुम्हाला खरं वाटणार नाही, आणि मी तुमच्या जागी असतो तर मलाही वाटलं नसतं. या सभामंडपात आजवर मी जे जे सांगितलं त्यात तिखटमीठ होतं, हे भैरोबासमोर कबूल करतो. पण धोंडगडाच्या वेढ्यात भर सकाळी रात्र पडली आणि त्या रात्री मी एका चांदणीला माझं पागोटं अडकवलं, ही गोष्ट जशी घडली तशीच सांगतोय.

"चांदणीला?" मल्हारी कोष्ट्याने विचारलं.

"खाली उतरली होती. बोराच्या फांदीला अडकवावं तसं अडकवलं. मध्ये बोलू नकोस."

मागच्या खांबाला टेकून गोजरावहिनी सुपारी कातरत बसली होती. तिचा नवरा त्या वेढ्यात गडावर गोलंदाज होता. ती कधीच बोलत नाही, म्हणून तिच्यादेखत गोष्ट सांगायला बरं पडतं.

तर वैशाखातली अमावास्या होती. पहाट फुटली तेव्हा धोंडगडाचे तिन्ही कडे राखेसारखे करडे दिसत होते; खाली नदीच्या वळणावर खानाच्या छावणीतून भाकरीचा धूर वर चढत होता, हत्तींना पाण्यात घालणाऱ्या माहुतांच्या आरोळ्या वाऱ्याबरोबर थेट आमच्या तटापर्यंत येत होत्या, आणि वर, अडीचशे माणसांच्या त्या गडावर, एकही चूल पेटलेली नव्हती. कोठारात नाचणी होती. ती शिजवायला पाणी नव्हतं.

खानाने सुरुंग लावला तेव्हा तट शाबूत राहिला, पण कातळातलं मोठं टाकं तडकलं. फटीतून पाणी निसटायच्या आत जेवढं उपसता आलं तेवढं आम्ही अंबरखान्यासमोरच्या चौकात मातीच्या रांजणांत भरून ठेवलं. त्या सकाळी त्यांतले चाळीस भरलेले उरले होते. त्यांचा राखणदार मी, सिदोजी. माणशी सकाळी नारळाची एक नरोटी पाणी, संध्याकाळी एक नरोटी. दिवसाला एक रांजण संपायचा, म्हणजे गडाचं आयुष्य चाळीस दिवसांचं, आणि कुमकेची फौज पंधरवड्यात पोचेल असा निरोप आलेला. हिशेब सोपा होता. पण वेढ्याच्या त्या दिवसांत माणसांची मनंच सुकून गेली होती. कोणी भांडत नसे, कोणी रडत नसे. तटावरचा माणूस गोळी लागून पडला, तर शेजारचा त्याची बंदूक उचलून भिंतीला टेकवून ठेवी आणि पुन्हा समोर बघत बसे. तान्ही मुलंसुद्धा तोंड उघडत, पण आवाज काढत नसत.

किल्लेदार रवळोजी दळवी सदरेवर बसले होते. समोर केदारभट जोशी पंचांग उघडून उभे.

"सरकार, आज सूर्यास खग्रास ग्रहण आहे. असं ग्रहण तीन पिढ्यांत एकदा लागतं. साठवणीच्या पाण्यास त्याचा वेध लागतो. ते पाणी प्राशन करील त्याचा वंश राहत नाही."

"भटजी, दर ग्रहणास आमच्या मातोश्री पाण्यात दर्भाची काडी घालतात. मग पाण्यास दोष राहत नाही, असंच ऐकत आलो."

"यथार्थ बोललात. परंतु दर्भ आहे कोठे? गवताचं पातंसुद्धा घोड्यांनी ठेवलं नाही. तुळशींच्या काटक्या झाल्या."

"मग?"

"खग्रास लागताच रांजण उलथावेत. सुटलेल्या सूर्याने ते पाणी पाहता कामा नये. मोक्षानंतर तिसऱ्या प्रहरी पर्जन्य आहे, हे मी जानव्याची शपथ घेऊन सांगतो. टाकी आपोआप भरतील."

रवळोजी शूर माणूस. गडाच्या दरवाज्यात एकटा उभा राहून त्याने सात जणांना परत पाठवलं होतं. पण चौदा वर्षं नवस करून त्याला एक मुलगा झाला होता. वंश हा शब्द ऐकला आणि त्याने माझ्याकडे न पाहता आज्ञा दिली, "सिदोजी, भटजी सांगतील त्या क्षणी रांजण उलथवा."

"जशी आज्ञा," मी म्हणालो.

ग्रहणाचा स्पर्श झाला. एरवी परातीत पाणी घेऊन त्यात सूर्य बघायचा रिवाज. आमच्याकडे तोफेचं तेल होतं, ते परातीत ओतलं. तेलात सूर्याची एक कड कुरतडलेली दिसली. लोक आले, वाकून बघून गेले, जागेवर जाऊन बसले. कोणी हात जोडले नाहीत. चौकातल्या पिंपळाखाली उन्हाचे जे गोल कवडसे पडतात, त्यांच्या कोयऱ्या झाल्या, शेकडो, जमिनीवर हलणाऱ्या. गोजरावहिनीची तान्ही काशी मांडीवरून त्यांच्याकडे बघत होती.

मग उजेड विटला. हळद घातलेल्या दुधाला राख लागावी तसा. सावल्या अशा धारदार झाल्या की माझ्या हाताच्या सावलीत मला बोटांवरची लव दिसली. कावळे तटावर येऊन ओळीने बसले. वारा गार झाला. खाली खानाच्या गोलंदाजाने तेवढ्यात बत्ती दिली होती. गोळा निघाला, अर्ध्या वाटेत त्याने हा अंधार पाहिला आणि जागच्या जागी थबकला.

"हवेत?" मल्हारी.

"हवेत. पुढे यायचं की परत जायचं, हे त्याला ठरवता येईना."

सभामंडप हसला. गोजरावहिनीचा अडकित्ता चालूच होता.

आणि पश्चिमेकडून सावली आली. डोंगरामागून डोंगर विझत आले, नदी विझली, छावणी विझली, आम्ही विझलो. वर पाहिलं तर सूर्याच्या जागी काळं भोक आणि त्याच्याभोवती म्हातारीच्या केसांसारखी पांढरी झुलपं. चहूकडे क्षितिजाला सांजेसारखी तांबूस किनार, एकाच वेळी उगवतीला आणि मावळतीला. चांदण्या निघाल्या. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. देव आठवायला हवा होता. आठवला नाही. अडीचशे माणसं मान वर करून उभी होती आणि त्यांच्या चेहऱ्यांवर काहीच नव्हतं. नरोटीसाठी रांगेत उभं राहावं तशी उभी होती. मी खाली पाहिलं. रांजणांची तोंडं उघडी होती. चाळीस रांजणांत चाळीस काळे सूर्य.

"उलथवा!" केदारभट ओरडले.

तापलेल्या फरशीवर पाणी पडलं की चर्र असा आवाज होतो, आणि क्षणात दगड पुन्हा कोरडा. तो आवाज एकदा ऐकला की माणसाला—

असो. सांगत काय होतो? तर मी रांजण उलथवले नाहीत. पागोटं काढलं, चांदणीला अडकवलं, आणि रांजणात ओंजळ बुडवून, सगळ्या गडादेखत, त्या काळ्या सूर्याखाली घटाघटा पाणी प्यालो.

रवळोजींनी तलवार उपसली. "सिदोजी! आज्ञा मोडलीस. वंश बुडवलास."

"माझा बुडेल, सरकार. गड बुडणार नाही. मान उतरवायची तर उतरवा, पण अगोदर भटजींच्या घरची कळशी आणवा. दर्भ नाही म्हणतात, मग कळशीवर फडकं कशाला बांधलंय, ते बघा."

त्याच क्षणी सूर्याच्या कडेला ठिणगी पडली आणि उजेड आला. कळशी आणली. फडकं सोडलं. काठोकाठ भरलेल्या पाण्यावर दर्भाची हिरवी काडी तरंगत होती. ती गडावर उगवलेली नव्हती. नदीकाठची होती, खानाच्या बाजूची.

केदारभट खाली बसले. त्यांचा थोरला लेक खानाच्या कैदेत होता; रांजण रिकामे केले तर लेक सोडू, असा सौदा झाला होता. ते सांगताना ते रडले नाहीत, आणि ऐकताना आम्हालाही राग आला नाही. रवळोजींनी कडेलोट फर्मावला. दोघांनी त्यांना धरून नेलं, दोघे परत आले. पाऊस काही पडला नाही.

सहाव्या दिवशी कुमक आली, खानाने डेरे उचलले. दळव्यांनी मला सदरेवर बोलावून सोन्याचं कडं दिलं—

"दाखवा की मग," मल्हारी म्हणाला.

"वितळवलं. गड राहिला, निशाण राहिलं. आणि त्या सहा दिवसांत, गड्यांनो, धोंडगडावर पाण्यावाचून एकही जीव गेला नाही."

अडकित्ता थांबला.

"भावजी," गोजरावहिनी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सभामंडपात सगळ्यांना ऐकू गेला. "पागोटं टांगलंत, ते मी ऐकून घेतलं. गोळा थांबवलात, तेही ऐकून घेतलं. कडं मिळालं म्हणालात, मिळालं असेल. पण रांजण उलथवले नाहीत, तर फरशीवर चर्र कशाचं वाजलं?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"एकोणचाळीस तुम्ही ओतलेत. हुकूम सुटला आणि तुम्ही ओतत आलात, एकामागून एक, डोळे मिटून. चाळिसाव्याला मी मिठी मारून बसले होते, म्हणून तो राहिला. ओंजळ मी प्याले. कळशीचं मी सांगितलं, भटजींच्या घरची झाडलोट मी करायचे. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे होतात."

"वहिनी..."

"एका रांजणात अडीचशे माणसं, सहा दिवस. पाण्यावाचून कोणी गेलं नाही, हे खोटं आहे, भावजी. माझी काशी पाचव्या दिवशी गेली."