टोमॅटोच्या कुंडीतली अंडी

“अहो! त्या कुंडीत काय ओतलंत?”

मगोमेनी वस्तीतल्या त्या सामाईक अंगणात म्वानाइदी ओल्या केसांनीच धावत आली. समोरच्या खोलीत नुकताच राहायला आलेला शबानी टोमॅटोच्या रोपाला पाणी घालत होता. तो दचकला.

“नारळाचा भुसा… कट्ट्यावर पिशवीत होता. मला वाटलं, कुणी टाकून दिलाय.”

“त्यात माझी अंडी होती!”

“तुमची?”

“माशांची!” तिचे कान तापले.

लाल-निळ्या अंगाचे ते इवलेसे मासे रानातल्या डबक्यांतले. डबकं आटलं की मासे मरतात, पण चिखलातली अंडी महिनोन्‌महिने तग धरतात अन् पाणी आलं की फुटतात. म्हणून टाकीतली अंडीही ती ओलसर भुशात जपायची. तिची शेवटची जोडी म्हातारी होऊन मेली होती. उरला होता तो एवढा भुसा… आणि आता कुंडीच्या भोकातून पाणी ठिबकत होतं.

“पिल्लं निघाली तर वाहून जातील हो!” ती कुंडीशी वाकली.

शबानीने कुंडीच्या बुडाला तळवा दाबला आणि ती कवेत उचलली. “कुठे नेऊ?”

वरचा भुसा दोघांनी चिमटीचिमटीने टबात उतरवला. वर पाणी सोडलं. मग दोघं टबाशी उकिडवे बसले.

“मी शाळेत गणित शिकवतो. भुशात मासे असतात, हे मला कुणी शिकवलंच नाही.”

“मग आता शिका. आणि गप्प बसा.”

दुपार झाली, तरी काही हललं नाही. त्याने चहा आणला, गरम, गोडसर तळलेली मंदाझी आणली. तिने नको म्हटलं… मग अर्धी खाल्ली.

“राग गेला?”

“अर्धा.”

“मग आणखी एक आणतो—”

तो उठणार, एवढ्यात पाण्यात केसाएवढं काहीतरी थरथरलं. त्याला दोन चंदेरी डोळे होते! “ते बघा… ते!” त्याने तिचं मनगट धरलं. पिल्लू भुशाआड गेलं, तरी मनगट सोडायचं कुणालाच सुचलं नाही.

त्यानंतर शबानी रोज संध्याकाळी फडक्यातून बारीक पाणकिडे गाळून आणू लागला. पिल्लं टाकीत गेली, वाढली; एका नराच्या शेपटीवर लाली चढली. त्या संध्याकाळी तो काचेशी बराच वेळ घुटमळला.

“म्वानाइदी… मामांना तुमच्या घरी पाठवू? बोलणी करायला?”

तिने टाकीवरून नजर हलवली नाही. फक्त ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं— सोडलं— पुन्हा गुंडाळलं.

“सकाळीच पाठवा,” ती म्हणाली. “दुपारी आई झोपते. झोपमोड झाली, तर ती कुणालाच हो म्हणत नाही.”